तुम्ही कोणत्या सालचे?

लेकीकडे लिंकनला गेले की पहिले आठ-दहा दिवस मला कुठलाच वार कळत नाही. तिथला सोमवार, इथला मंगळवार, आणि झोप तिसरीकडेच! शनिवार मात्र न सांगता कळतो. सप्टेंबर ते नोव्हेंबर या दिवसांत शनिवारी गावात मॅच असली की सकाळपासून सगळं लाल. लाल टोप्या, लाल शर्ट, गाड्यांवर लाल झेंडे, तान्ह्या बाळाच्या अंगातही लाल झबलं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, निवडणूक-बिवडणूक आहे की काय!

नेब्रास्का हे अमेरिकेच्या मधोमध असलेलं शेतीचं राज्य. लिंकन ही त्याची राजधानी. विद्यापीठही तिथेच आणि विद्यापीठाचा फुटबॉल संघही तिथलाच. (त्यांचा फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हातात धरून धावायचा खेळ. 'फूट' कुठे आहे असं मी जावयांना विचारलं होतं, त्याला त्यांच्याकडेही उत्तर नव्हतं.) सगळ्या राज्याची वस्ती वीस लाखांच्या आसपास. वरच्या दर्जाचा व्यावसायिक फुटबॉल संघ राज्यात एकही नाही. त्यामुळे जे काही प्रेम आहे ते सगळं या कॉलेजच्या पोरांवर. मॅचच्या दिवशी मेमोरियल स्टेडियममध्ये पंच्याऐंशी हजारांच्या वर माणसं बसतात. ओमाहा आणि लिंकन ही दोन शहरं सोडली तर राज्यात तेवढ्या वस्तीचं तिसरं गाव नाही. म्हणून तिथले लोक गमतीने म्हणतात, शनिवारी आमचं तिसरं मोठं शहर स्टेडियममध्ये असतं.

लेकीच्या शेजारी एक गृहस्थ राहतात. माझ्याच वयाचे, सत्तरी ओलांडलेले. अंगणात विद्यापीठाच्या 'एन' अक्षराचा झेंडा, डोक्यावर तीच टोपी, गाडीच्या मागच्या काचेवर तेच अक्षर. दोन-तीन वेळा कुंपणापाशी नमस्कार-चमत्कार झाले होते. एकदा मॅचला निघालेले दिसले म्हणून मी माझ्या मोडक्या-तोडक्या इंग्रजीत कौतुकाने विचारलं, "तुम्ही कोणत्या सालचे?" म्हणजे विद्यापीठातून कोणत्या साली बाहेर पडलात, असं मला विचारायचं होतं.

ते हसले. म्हणाले, "मी? मी कुठल्याच सालचा नाही. बारावी झाली आणि धान्याच्या कोठारावर कामाला लागलो. वर्गात कधी पाऊल टाकलं नाही." एवढं बोलून टोपी नीट केली आणि गेले. रागावले नव्हते, पण मी मात्र ओशाळले. का ओशाळले ते पुढे सांगते.

रात्री जेवताना हा विषय निघाला. आमचे जावई याच विद्यापीठाचे पीएचडी. ते म्हणाले, "आई, इथे बहुतेक जण असेच आहेत. यांना 'टी-शर्ट फॅन' म्हणतात, कोणी 'वॉलमार्ट फॅन'ही म्हणतात. म्हणजे विद्यापीठाशी संबंध काय, तर दुकानातून त्याचा शर्ट विकत घेतला एवढाच. आम्ही इथे पाच वर्षं घासली, रात्र-रात्र प्रयोगशाळेत काढली. आणि हे सांगणार, 'आम्ही जिंकलो'! 'आम्ही' कोण?"

खरं सांगते, त्या वेळी मला त्यांचं म्हणणं पटलं. मी आयुष्यभर मास्तरकी केली. हजेरीपट, दाखला, गुणपत्रिका यांच्यावर माझा फार विश्वास. दाखल्यावर नाव असेल तर शाळा तुझी, नसेल तर नाही, इतका सरळ हिशेब. पण शेजाऱ्यांचं ते हसणं डोक्यातून जाईना. मग नातवाला हाताशी धरून थोडं वाचलं, थोडं लोकांना विचारलं. आणि माझा हिशेब काही इतका सरळ राहिला नाही.

पहिली गोष्ट संघाच्या नावाची. या संघाचं नाव 'कॉर्नहस्कर्स', म्हणजे मक्याच्या कणसांची सालं काढणारे. १९०० सालापासून हे नाव चालत आलं आहे. आता मला सांगा, कणसं सोलणारी माणसं काही विद्यापीठात पदवी घेऊन कणसं सोलत नव्हती! ती शेतावर होती. संघाने आपलं नाव घेतलं ते अशा माणसांचं, ज्यांच्यातल्या बहुतेकांनी कॉलेजची पायरी चढली नव्हती. त्यांचं नाव छातीवर मिरवायचं आणि त्यांच्याच नातवंडांना विचारायचं, 'तुमचा काय संबंध?' हे कसं काय?

दुसरी गोष्ट विद्यापीठाच्या जन्माची. १८६२ साली, अब्राहम लिंकन अध्यक्ष असताना, अमेरिकेत एक कायदा झाला. केंद्र सरकारने राज्यांना जमिनी द्यायच्या आणि त्या विकून आलेल्या पैशांतून शेतीचं आणि यंत्रविद्येचं शिक्षण देणारी कॉलेजं चालवायची. (या जमिनींपैकी पुष्कळशा मूळ रहिवासी जमातींकडून घेतलेल्या होत्या, हेही इथे सांगायलाच हवं. त्यांना तर कोणी 'तुम्ही कोणत्या सालचे' एवढंही विचारलं नाही.) नेब्रास्काचं विद्यापीठ १८६९चं, त्याच व्यवस्थेतलं. म्हणजे ते कोणा श्रीमंताने आपल्या मुलांसाठी काढलेलं नाही. राज्यातल्या लोकांसाठी ते निघालं आणि राज्यातल्या लोकांचा कर त्याला लागला. ज्यांची मुलं तिथे गेली त्यांचाही कर आणि ज्यांची गेली नाहीत त्यांचाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत आवडली. शंभर वर्षांपूर्वी तिकडे ट्रॅक्टर नवे होते आणि शेतकऱ्यांना फसवणाऱ्या कंपन्याही भरपूर होत्या. जाहिरातीत एवढी अश्वशक्ती, तेवढी अश्वशक्ती, आणि शेतात नेला की बंद! अशाच ट्रॅक्टरने पोळलेला एक शेतकरी आमदार झाला आणि त्याच्या पुढाकाराने १९१९ साली कायदा झाला, की विद्यापीठाने तपासल्याशिवाय कोणत्याही कंपनीने राज्यात नवा ट्रॅक्टर विकायचा नाही. १९२० पासून लिंकनला ही तपासणी सुरू झाली आणि ती प्रयोगशाळा अजून चालू आहे. हे वाचल्यावर मी मुद्दाम शेजाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, "आमच्या वडिलांनी विद्यापीठाचा अहवाल पाहिल्याशिवाय कधी ट्रॅक्टर घेतला नाही. बियाण्याचं विचारायचं असलं तरी विद्यापीठाचाच माणूस यायचा." म्हणजे हे शाळेत गेले नाहीत, पण शाळा यांच्या बांधावर येत होती. दाखल्यावर या विद्यार्थ्यांची नोंद कुठे करणार?

हे सगळं मी जावयांना सांगितलं. ते म्हणाले, "आई, ते ट्रॅक्टरचं ठीक. पण त्याचा फुटबॉलशी काय संबंध?" मुद्दा बरोबर होता. मग मी थोडी लांबची गोष्ट सांगितली.

इंडियाना राज्यात साऊथ बेंड नावाचं गाव आहे. तिथे कॅथलिक धर्मगुरूंनी १८४२ साली काढलेलं नोत्र दाम विद्यापीठ आहे. १९२०च्या दशकात नूट रॉकनी नावाच्या प्रशिक्षकाच्या हाताखाली त्यांचा फुटबॉल संघ देशभर गाजला. रॉकनी स्वतः नॉर्वेत जन्मलेला, लहानपणी अमेरिकेत आलेला. हा संघ दर वर्षी न्यूयॉर्कला लष्करी अकादमीशी मॅच खेळायला जाई, आणि तिथे हजारो माणसं त्याच्यासाठी गर्दी करत. कोण होती ही माणसं? आयरिश, इटालियन, पोलिश कुटुंबांतले कामगार, कारकून, पोलीस. आयुष्यात साऊथ बेंड पाहिलेलं नाही, हजार किलोमीटरहून दूर. कॉलेजचं शिक्षण तर स्वप्नातही नाही. भुयारी रेल्वेचं तिकीट काढून मॅचला यायचं, एवढाच संबंध. म्हणून त्यांना 'सबवे अ‍ॅलम्नाय' म्हणजे भुयारी रेल्वेतले माजी विद्यार्थी असं नाव पडलं. त्या काळात कॅथलिक म्हणून, परदेशी म्हणून या लोकांना पुष्कळ अपमान सोसावा लागे. कॅथलिकांच्या द्वेषावर पोसलेल्या कू क्लक्स क्लॅनचा तेव्हा इंडियानात भलताच जोर होता. १९२४ साली क्लॅनचे लोक साऊथ बेंडमध्ये जमले तेव्हा नोत्र दामच्या विद्यार्थ्यांशी त्यांची रस्त्यात झटापट झाली होती. अशा दिवसांत आपल्यातली पोरं मैदानात उतरून भल्याभल्यांना हरवतात, हे पाहायला ती माणसं जात होती. त्यांच्या दृष्टीने तो नुसता खेळ नव्हता. आठवडाभर मान खाली घालून काम केल्यावर एक दिवस मान वर करायची सोय होती.

तेव्हा 'आम्ही जिंकलो' यातलं 'आम्ही' अगदीच खोटं नाही.

पण मी काही या लोकांची वकिली करायला बसलेले नाही. दुसरी बाजूही पाहायला हवी. अलाबामा राज्यात अलाबामा आणि ऑबर्न अशी दोन विद्यापीठं आहेत आणि त्यांचं हाडवैर आहे. २०१० साली नोव्हेंबरमध्ये ऑबर्नने अलाबामाला अवघ्या एका गुणाने हरवलं. त्यानंतर अलाबामाच्या एका चाहत्याने ऑबर्न गावातल्या चौकात जाऊन तिथल्या जुन्या ओक वृक्षांच्या मुळांशी विष घातलं. ऑबर्नचे लोक जिंकल्यावर या झाडांपाशी जमून आनंद साजरा करत, म्हणून. वर पुढच्या जानेवारीत रेडिओवरच्या कार्यक्रमात फोन करून त्याने हे अभिमानाने सांगितलंही! खटला झाला, शिक्षा झाली. झाडं काही वाचली नाहीत, २०१३ साली ती तोडावी लागली. हा माणूस निवृत्त पोलीस होता आणि ज्या अलाबामासाठी त्याने हे केलं तिथे तो एक दिवसही शिकलेला नव्हता.

जावयांनी हे उदाहरण मुद्दाम पुढे केलं. मी म्हटलं, मान्य. पण पदवीधर फार शहाण्यासारखे वागतात असं कोणी सांगावं? हरल्यावर एकोणीस वर्षांच्या पोराला शिव्या घालणाऱ्यांत पदवीवाले नसतात का? २०२१ पासून या खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींचे पैसे मिळवायची मुभा मिळाली आणि २०२५ पासून विद्यापीठंही त्यांना थेट पैसे देऊ लागली. तेव्हापासून तर 'पैसे घेतोस ना, मग ऐकून घे' अशी भाषा फार ऐकू येते. पोराच्या हातून चेंडू निसटला म्हणून त्याच्या आईबापांचा उद्धार करण्याचा हक्क पदवीवाल्यालाही नाही आणि टोपीवाल्यालाही नाही. प्रेमाचा हक्क वेगळा आणि मालकीचा हक्क वेगळा. विष घालणाऱ्या माणसाला हा फरक कळला नाही. त्याने कोणत्या कॉलेजात जाऊन तो शिकायचा होता?

आणि प्रेम म्हणाल तर त्याची परीक्षा हरण्यातच होते. नेब्रास्काच्या संघाने १९९४, १९९५ आणि १९९७ साली राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं. ते वैभवाचे दिवस होते. पण २०१७ ते २०२३ अशी सलग सात वर्षं जिंकलेल्या मॅचपेक्षा हरलेल्या जास्त! तरी १९६२ पासून स्टेडियमच्या सगळ्या तिकिटांची विक्री होण्याची जी परंपरा होती ती तुटली नाही. एकदा तुटायची वेळ आली तेव्हा उरलेली तिकिटं देणगीदारांनी घेऊन मुलांना वाटली. २०२३ साली ऑगस्टमध्ये याच स्टेडियममध्ये मुलींच्या व्हॉलीबॉलला ९२,००३ माणसं आली होती. हे सगळे पदवीधर होते का? अमेरिकेतही पंचविशीच्या पुढच्या माणसांत चार वर्षांची पदवी असलेले निम्म्याहून बरेच कमी आहेत. पदवीवाल्यांनाच आत सोडायचं ठरवलं तर स्टेडियम ओस पडेल. आणि विद्यापीठालाही हे पक्कं ठाऊक आहे. टोपी विकताना कोणी पदवी विचारत नाही. मग ती घातल्यावर का विचारायची?

आता मी का ओशाळले ते सांगते.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावच्या माध्यमिक शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. आमच्या भागात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था सुरू केली, तेव्हा घराघरांतून मूठ-मूठ धान्य गोळा करून वसतिगृहातली मुलं शिकवली गेली. ज्या बायकांनी ती मूठ बाजूला काढली त्यांतल्या किती जणींना स्वतःचं नाव लिहिता येत होतं? हे मी वर्गात दर वर्षी अगदी रंगवून सांगत असे. सांगत असे, एवढंच!

आमच्या शाळेचा सुवर्णमहोत्सव होता. माजी विद्यार्थ्यांचा मेळावा ठरला. नोंदणीचं काम माझ्याकडे. कागदावर रकाने आखलेले, नाव, गाव, दहावीचं साल. नोंद झाली की जेवणाचा पास. गावात एक तात्या होते. शेतमजूर. शाळेच्या कंपाऊंडची भिंत गावाने श्रमदानाने बांधली तेव्हा नदीवरून दगड वाहणाऱ्यांत ते होते. आमच्या मुलींचा खो-खोचा संघ तालुक्याला खेळायला निघाला की तात्या सायकल मारत मागून हजर. सोळा-सतरा किलोमीटर! घसा बसेपर्यंत ओरडणार, आणि हरलो तर मुलींच्या आधी यांच्या डोळ्यांत पाणी. स्वतः मात्र दुसरीच्या पुढे गेलेले नव्हते.

तर तात्या नोंदणीच्या टेबलापाशी आले. धुतलेलं धोतर, टोपी. म्हणाले, "बाई, आमचं बी नाव लिवा." मी घाईत होते. मागे रांग होती. मी म्हणाले, "अहो तात्या, हे माजी विद्यार्थ्यांचं आहे. तुम्ही कोणत्या सालचे म्हणून लिहू?"

ते हसले. अगदी तसेच, जसे पुढे कितीतरी वर्षांनी लिंकनचे शेजारी हसले. "आमी कुटल्या सालचं न्हाय बाई," म्हणाले आणि बाजूला झाले. जेवायला थांबले नाहीत. संध्याकाळी पासांचा गठ्ठा उरला होता, तो मीच रद्दीत टाकला. त्या वेळी मला त्यात काही चुकलं असंही वाटलं नाही. नियम होता, मी पाळला. तात्या पुढे चार-पाच वर्षांनी गेले. तोपर्यंत मी त्यांना कितीदा तरी भेटले असेन, पण हा विषय मी काढला नाही, त्यांनीही काढला नाही.

तोच प्रश्न, तेच शब्द मी सातासमुद्रापलीकडे जाऊन पुन्हा विचारले. मराठीतून नाही, इंग्रजीतून, एवढाच फरक.

म्हणून आता माझं मत असं झालं आहे. शाळा, कॉलेज, विद्यापीठ यांच्यावर शिकून गेलेल्यांचा हक्क असतोच. जावयांनी काढलेल्या रात्री खऱ्या आहेत, त्या कोणी त्यांच्याकडून काढून घेत नाही. पण शिकून गेलेला माणूस बहुधा पुढे निघून जातो. मागे राहतो तो गावातला माणूस. कर भरणारा, भिंत बांधणारा, पडत्या काळातही टोपी न काढणारा. त्याला 'तुझा काय संबंध' असं विचारण्याआधी दुसरा एक प्रश्न विचारायला हवा, आणि तो त्याला नाही, शाळेला. हा माणूस आत का येऊ शकला नाही? आणि त्याची मुलं-नातवंडं तरी येऊ शकतील का? नेब्रास्काच्या विद्यापीठाने २०२० साली, ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या स्थानिक घरांतल्या मुलांची शिकवणी फी माफ करण्याची योजना जाहीर केली. मला ती अजिंक्यपदापेक्षा मोठी वाटते. लाल टोपीचं देणं फेडायची खरी रीत तीच.

जावयांना हे सगळं पटलं असं नाही. "आई, तुम्ही भावनेच्या भरात बोलता," असं ते म्हणाले. असेल. आमचं एकमत झालं नाही, पण पुढच्या शनिवारी ते शेजाऱ्यांबरोबर मॅचला गेले, इतकी वर्षं तिथे राहून पहिल्यांदाच. संघ हरला. दोघं घसा बसवून परत आले. "आम्ही शेवटच्या पाच मिनिटांत घाण केली," असं जावई मला सांगत होते. मी 'आम्ही कोण' असं विचारलं नाही.

तुमच्याही गावात एखादे तात्या असतील. यंदा शाळेचा मेळावा असेल तर नोंदणीच्या कागदावर सालाच्या रकान्याशेजारी एक रकाना मोकळा ठेवा. तिथे काय लिहायचं ते त्यांनाच विचारा.